बोबडे बोल

मुलांनो, घरात लहान मूल बोलू लागले की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. त्याला 'काका' म्हणायचे असते आणि तोंडातून येते 'ताता'. 'रोटी'ची 'लोटी' होते, 'गाडी'ची 'दाडी' होते. नानी हसते. अम्मी तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घेते. अशा बोलण्याला मराठीत 'बोबडे बोल' म्हणतात. ते कानाला फार गोड लागतात.

पण हेच मूल पाच वर्षांचे झाले, शाळेत जाऊ लागले आणि तरीही 'काका'ला 'ताता'च म्हणत राहिले, तर काय होते? वर्गातली मुले हसतात. त्याची नक्कल करतात. शिक्षक विचारतात, "काय म्हणालास? पुन्हा सांग." मूल पुन्हा सांगते आणि मुले पुन्हा हसतात. मग उत्तर येत असूनही ते हात वर करीत नाही. हळूहळू ते बोलणेच कमी करते. लोकांना वाटते, हे मूल मंद आहे. खरे पाहिले तर बहुतेक वेळा त्याच्या बुद्धीत काहीच उणे नसते. त्याला मदत हवी असते ती उच्चाराची. ही मदत कोणती, ती कोण करतो आणि तिच्यात तुमचा वाटा कोणता, हे आपण या पाठात पाहू या.

बोबडे बोलणे केव्हापर्यंत चालते, हे आधी समजून घेतले पाहिजे. साधारणपणे एक वर्षाचे मूल एखाददुसरा शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे घरच्या माणसांना समजते. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे अनोळखी माणसालाही समजायला हवे. सगळेच उच्चार एकाच वेळी येत नाहीत. प, ब, म हे ओठांनी म्हणायचे वर्ण लवकर येतात. र, श, ळ यांसारखे वर्ण उशिरा येतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाने 'राजा'ला 'लाजा' म्हटले, तर घाबरण्याचे कारण नाही. पण त्याचे बोलणे शेजाऱ्यांना कळतच नसेल, तर नुसते थांबून राहू नये. तसेच मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नसेल, तर त्याला लवकर डॉक्टरांकडे न्यावे.

आता एक प्रयोग करा. 'प' म्हणा. तुमचे दोन्ही ओठ मिटले आणि उघडले. 'त' म्हणा. जिभेचे टोक वरच्या दातांना लागले. 'ट' म्हणा. जीभ थोडी मागे वळून टाळूला लागली. 'क' म्हणा. आता जिभेचे टोक खालीच राहिले आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला गेला. पाहिलेत ना? छातीतून आलेली हवा एकच असते. ती कोठे अडवली, यावर उच्चार ठरतो.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना फार पूर्वी कळली होती. मराठीची वर्णमाला पाहा. क, ख, ग, घ हे वर्ण घशाजवळचे. च, छ, ज, झ हे टाळूचे. ट, ठ, ड, ढ हे टाळूच्या वरच्या भागाचे. त, थ, द, ध दातांचे आणि प, फ, ब, भ ओठांचे. वर्णांची ही रांग तोंडाच्या आतून बाहेर येत जाते. तुमच्यापैकी ज्यांनी तजवीद शिकली असेल, त्यांना 'मखारिज' हा शब्द ठाऊक असेल. प्रत्येक हर्फ कोठून निघतो, ती जागा म्हणजे त्याचा मखरज. 'क़ाफ़' घशाच्या जास्त आतून निघतो, 'काफ़' त्याच्या थोडा पुढून. आठव्या शतकात सीबवैह नावाच्या विद्वानाने अरबी व्याकरणावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या जागांचे बारकाईने वर्णन केले आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ याच ज्ञानाचा उपयोग करतो. मुलाची जीभ चुकीच्या जागी लागत असेल, तर तो तिला योग्य जागा दाखवतो.

मुलाचे बोलणे अस्पष्ट का होते? याची कारणे वेगवेगळी असतात. पहिली शंका कानाची घ्यावी. मूल बोलायला कानाने शिकते. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला नीट बोलता कसे येईल? काही मुलांना जन्मापासून कमी ऐकू येते. काही मुलांना वारंवार सर्दी होते आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहते. त्या मुलांना आवाज येतो, पण तो कापसाचा बोळा घातल्यासारखा मंद येतो. घरच्यांना वाटते, मूल लक्ष देत नाही.

दुसरे कारण टाळूचे असते. सुमारे ७०० मुलांमागे एखादे मूल दुभंगलेले ओठ किंवा टाळू घेऊन जन्मते. बोलताना त्याची हवा नाकातून निघून जाते. शस्त्रक्रियेने टाळू जोडता येतो. ही शस्त्रक्रिया मूल नीट बोलू लागण्याच्या आधी, साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास करतात. त्यानंतरही अनेक मुलांना वाचा-उपचार लागतात. काही मुलांच्या मेंदूचे ओठांवर आणि जिभेवर पुरेसे नियंत्रण नसते. मात्र कित्येक मुलांत कोणतेही ठळक कारण सापडत नाही. कान चांगले असतात, जीभ चांगली असते, तरी उच्चार चुकीच्या जागी बसलेला असतो. अशा मुलांना उपचारांचा चांगला उपयोग होतो.

कारण शोधण्याऐवजी लोक कधी कधी भलतेच उपाय करतात. कोणी जिभेला मध लावतात. कोणी जिभेखालचा पडदा कापायला सांगतात. हा पडदा फार आखूड असल्यामुळे बोलणे बिघडते, असे क्वचितच घडते. तसे आहे की नाही, हे तपासूनच ठरवावे लागते. "मोठा झाला की आपोआप बोलेल," असे म्हणणारे तर घरोघरी असतात. काही मुले आपोआप सुधारतात, हे खरे. पण आपले मूल त्यांपैकीच आहे, हे तपासल्याशिवाय कसे कळणार? वाट पाहण्यात गेलेली दोन-तीन वर्षे परत येत नाहीत.

आणखी एक समजूत आहे. "घरात उर्दू, गल्लीत मराठी, म्हणून मूल गोंधळले. एक भाषा बंद करा." ही समजूत चुकीची आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाच्या वाचेत दोष निर्माण होत नाही. घरची भाषा बंद केली, तर मूल आपल्याच माणसांपासून दूर जाते. अम्मी आणि नानी ज्या भाषेत मनापासून बोलतात, तीच भाषा मुलाला सर्वांत जास्त शिकवते.

येथे दोष आणि फरक यांतला भेद ओळखा. उर्दूत 'ळ' नाही. म्हणून तुमच्यापैकी काहीजण 'शाळा'ला 'शाला' आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणत असतील. हा वाचेचा दोष नाही. हा वर्ण तुमच्या भाषेत नव्हता, एवढेच. सरावाने तो येतो. तसेच मराठी मुलांना 'ख़त' आणि 'ग़ज़ल' हे शब्द उर्दूच्या ढंगाने म्हणताना कष्ट पडतात. यात कोणी कोणाला हसण्यासारखे काही नाही. पण जे मूल उर्दूत 'किताब'ला 'तिताब' म्हणते आणि मराठीत 'कान'ला 'तान' म्हणते, त्याला 'क' हा उच्चारच साधलेला नाही. दोन्ही भाषांत सारखी चूक होत असेल, तर तिच्याकडे लक्ष द्यायला हवे.

शब्दांचीही एक गंमत पाहा. उर्दूत 'तोतला' म्हणजे बोबडे बोलणारा. मराठीत मात्र 'तोतरा' म्हणजे अडखळत बोलणारा, ज्याला तुम्ही 'हकला' म्हणता. शब्द जवळचे, पण अर्थ वेगळा. अडखळणाऱ्या मुलालाही वाचा-उपचारांचा उपयोग होतो. असे मूल बोलत असताना त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. "सावकाश बोल, नीट बोल," असे टोकूही नये. ते काय सांगते आहे, ते शांतपणे ऐकावे.

वाचा-उपचार म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून समजून घेऊ. नाशिक शहरात मुंबई-आग्रा महामार्गाजवळ इंदिरानगर ही वस्ती आहे. तिच्या शेजारीच वडाळा गाव आहे. या भागात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा रोज कानावर पडतात. समजा, इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या तुमच्याएवढ्या एका मुलीचा भाऊ साडेचार वर्षांचा आहे. तो 'क'च्या जागी 'त' आणि 'ग'च्या जागी 'द' म्हणतो. "कान दुखतो" असे त्याला सांगायचे असते. तो म्हणतो, "तान दुथतो." अम्मीला ते कळते. बालवाडीच्या बाईंना कळत नाही. कानात कळ येत असूनही तो बालवाडीत रडत बसतो. अस्पष्ट बोलणे म्हणजे केवळ हसण्याचा विषय नव्हे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

अशा मुलाला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नेले, की तो सर्वप्रथम त्याच्या श्रवणाची तपासणी करून घेतो. कानात दुखणे असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांचे उपचार होतात. मग तज्ज्ञ मुलाला चित्रे दाखवतो आणि त्यांची नावे विचारतो. कोणता वर्ण कोठे चुकतो, याची तो नोंद करतो. ओठ, दात, जीभ आणि टाळू पाहतो. घरात कोणती भाषा बोलतात, हेही विचारतो.

त्यानंतर काम सुरू होते ते कानापासून. तज्ज्ञ टेबलावर दोन चित्रे ठेवतो. एक 'गाल', दुसरे 'दाल'. तो म्हणतो, "दाल कोठे आहे? गाल कोठे आहे?" मूल चित्रावर बोट ठेवते. मग मुलाची पाळी येते. मुलाला हवे असते गालाचे चित्र, पण तोंडातून येते 'दाल'. तज्ज्ञ त्याला दालीचे चित्र देतो. मूल चमकते. आपण म्हणतो एक आणि ऐकणाऱ्याला कळते दुसरे, हे त्याला प्रथमच उमगते. 'काला' आणि 'ताला' या शब्दांचाही असाच खेळ होतो. मराठी मुलांसाठी 'गार' आणि 'दार' ही जोडी चालते.

मग आरसा येतो. मूल आरशात आपली जीभ पाहते. 'क' म्हणताना जिभेचे टोक खाली ठेवायचे आणि मागचा भाग उचलायचा, हे त्याला दाखवले जाते. गुळण्या करताना घशाजवळ जी हालचाल जाणवते, तिचीही आठवण करून देता येते. एकदा 'क' साधला, की 'का, की, कू' म्हणायचे. मग 'कान', 'काका', 'किताब' असे शब्द. मग छोटी वाक्ये, मग गोष्ट आणि शेवटी रोजच्या गप्पा. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची पायरी घेत नाहीत. याला काही आठवडे लागतात, कधी अनेक महिने लागतात. नुसते फुगे फुगवून किंवा शिट्ट्या वाजवून उच्चार सुधारत नाहीत. उच्चार सुधारतो तो उच्चाराच्याच सरावाने.

आठवड्यातून एक-दोन वेळा अर्धा-पाऊण तास तज्ज्ञ शिकवतो. उरलेले सगळे दिवस मूल घरीच असते. म्हणून खरा सराव घरी होतो. येथे तुमचे काम सुरू होते. आई-वडील कामात असतात. धाकट्या भावंडांबरोबर जास्त वेळ तुम्हीच असता. तुम्ही पुढील गोष्टी करू शकता.

पहिली गोष्ट, मूल काय सांगते आहे, तिकडे लक्ष द्या. कसे सांगते आहे, ते नंतर पाहा. बोलताना त्याच्या समोर, त्याच्या उंचीवर बसा. त्याला तुमचे ओठ दिसले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, त्याची चूक काढू नका, बरोबर शब्द त्याला ऐकवा. ते म्हणाले, "ताता आले," तर तुम्ही म्हणा, "हो, काका आले. काकांनी काय आणले?" "असे नाही, नीट म्हण," असे दहा वेळा बजावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तिसरी गोष्ट, तज्ज्ञाने दिलेला सराव रोज दहा-पंधरा मिनिटे खेळासारखा घ्या. मूल कंटाळले, की थांबा. शेवट नेहमी त्याला येणाऱ्या शब्दाने करा.

चौथी गोष्ट, त्याच्या हातात मोबाइल देऊन त्याला गप्प बसवू नका. मोबाइल बोलतो, पण मुलाचे ऐकून उत्तर देत नाही. त्यापेक्षा त्याला चित्रांचे पुस्तक दाखवा, गोष्ट सांगा, बाजारात नेऊन भाज्यांची नावे म्हणा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. त्याची नक्कल करू नका आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" असा आग्रह धरू नका. उपचाराने महिनाभरात जे मिळवले, ते एका चेष्टेने मागे जाऊ शकते.

ही मदत कोठे मिळते? २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. या कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. कमी ऐकू येणे, दुभंगलेला टाळू आणि उशिरा बोलणे या गोष्टीही त्यात तपासल्या जातात. गरज असलेल्या मुलांना पुढे जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवतात. म्हणून घरात अशी शंका असेल, तर अंगणवाडीताईंना किंवा शिक्षकांना जरूर सांगा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करता येते. ज्या मुलांना फार कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी श्रवणयंत्रे असतात. नाशिकमध्ये माई लेले श्रवण विकास विद्यालयासारखी त्यांची शाळाही आहे. काही मुले खुणांच्या भाषेत बोलतात. तीही एक पूर्ण भाषा आहे.

मुंबईत वांद्रे येथे या विषयाची एक राष्ट्रीय संस्था आहे. ती ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे. ते उस्मानिया विद्यापीठाचे आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे १९७० पासून १९७६ पर्यंत ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. या संस्थेत मुलांची तपासणी आणि उपचार होतात, तसेच नवे तज्ज्ञही तयार होतात. म्हैसूर येथे १९६५ सालापासून अशीच एक मोठी संस्था आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम शिकवला जातो.

बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करून वाचा-उपचारतज्ज्ञ होता येते. त्यांतले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. या कामात भाषेला फार मोल आहे. जो तज्ज्ञ मुलाच्या आईशी तिच्या भाषेत बोलतो, त्याचे काम निम्मे सोपे होते. तुम्हांला उर्दू येते, तुम्ही मराठी शिकत आहात. उद्या 'गाल' आणि 'दाल', 'गार' आणि 'दार' या दोन्ही जोड्या तुमच्याजवळ असतील. असे तज्ज्ञ आपल्या राज्याला हवेच आहेत.

पण त्यासाठी तज्ज्ञ होईपर्यंत थांबायला नको. आज घरी गेल्यावर आपल्या धाकट्या भावंडाशेजारी पाच मिनिटे बसा. त्याचे बोलणे न हसता, न तोडता, शेवटपर्यंत ऐका. आपले कोणी ऐकते आहे, असे वाटले, की मूल पुन्हा बोलते. आणि जे मूल बोलत राहते, तेच स्पष्ट बोलायला शिकते.

शब्दार्थ

बोबडे बोल – तोतली बोली
उच्चार – तलफ़्फ़ुज़
वाचा – बोलण्याची शक्ती, गोयाई
टाळू – तालू
उपचार – इलाज
श्रवणयंत्र – ऐकू येण्यासाठी कानाला लावायचे यंत्र
नक्कल करणे – नक़ल उतारना
चेष्टा – मज़ाक़
उमगणे – समजणे
मोल – क़ीमत, क़द्र

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोणते वर्ण मुलांना लवकर म्हणता येतात?
(आ) मूल बोलायला कशाने शिकते?
(इ) वांद्रे येथील संस्थेला कोणाचे नाव दिले आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अस्पष्ट बोलणाऱ्या मुलाची आधी श्रवण-तपासणी का करतात?
(आ) 'शाळा'ला 'शाला' म्हणणे हा वाचेचा दोष का नाही?
(इ) 'गाल' आणि 'दाल' या चित्रांच्या खेळातून मुलाला काय उमगते?

३. फरक सांगा : तोतला – तोतरा.

४. प, त, ट, क हे वर्ण आरशासमोर म्हणा. प्रत्येक वेळी ओठ आणि जीभ काय करतात, ते मराठीत लिहा.

५. तुमच्या वर्गात एका मुलाच्या बोलण्याची नक्कल केली जाते. तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.